वस्तीची मागणी ग्रामसभेच्या ठरावात कशी उतरवायची: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ग्रामसभेत वस्तीतली माणसं उठतात, पोटतिडकीने बोलतात, सरपंच ‘बघू, घेऊ’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न तसाच असतो. आपलं कोणी ऐकत नाही, असं वस्तीला वाटतं. त्यात तथ्य आहेच. पण बऱ्याच वेळा मधे एक कागद राहून गेलेला असतो. सभेत बोललेलं इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आलेलं नसतं, आणि इतिवृत्तात नसलेल्या गोष्टीला पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत कोणी दारात उभं करत नाही. म्हणून सभेतल्या भाषणापेक्षा सभेच्या आधीचा महिना आणि नंतरचा पंधरवडा महत्त्वाचा.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे: दलित वस्ती, बंजारा तांडा, पारधी बेडा, आदिवासी पाडा, ऊसतोड कामगारांची घरं. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एक गाळला की पुढचा लटकतो.

टप्पा १: आधी मतदार यादी पाहा

ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. घर गायरानात आहे, सातबारा नाही, रेशनकार्ड दुसऱ्या गावचं आहे, यातल्या कशानेही हा हक्क जात नाही. यादीत नाव नसेल तर मात्र जातो.

यादी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे म्हणजे बीएलओकडे मिळते, संकेतस्थळावरही असते. वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरींना बसवा आणि घरोघर फिरून नावं जुळवा. सुना, नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं आणि स्थलांतर करणारी कुटुंबं यांची नावं सर्वात जास्त गळतात. नाव नसेल तर नमुना ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, भरायचा. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात त्या तारखा, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून पालावरच्या माणसाला परत पाठवता येत नाही. बेघर माणसाच्या बाबतीत तो तिथे राहतो की नाही हे बीएलओने रात्री प्रत्यक्ष येऊन पाहायचं असतं.

*तपासून घ्या:* वस्तीतल्या मतदारांचा आकडा वहीत लिहिलेला आहे का? टप्पा ७ मध्ये तो लागणार आहे.

टप्पा २: तारखा उलट्या मोजा

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. नोटीस लागली की विषयपत्रिका ठरून गेलेली असते, त्यामुळे तुमचा अर्ज त्याच्या आधी पोचायला हवा. सभेआधी किमान तीन आठवडे धरा.

पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे ‘आमचं गाव, आमचा विकास’चा आराखडा, २ ऑक्टोबरच्या सभेपासून हिवाळ्यात तयार होतो. बीडसारख्या जिल्ह्यांत दसरा झाला की कोयते निघतात, टोळ्या कारखान्यावर जातात आणि माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे गावाचा आराखडा ठरतो तेव्हा नेमकी ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज आहे ती घरं कुलपात असतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी ‘वस्तीतून कोणी आलंच नाही’ असं लिहिलं जातं. हा अन्याय आहे. त्यावर आपल्या हातातला उपाय एवढाच, की अशा वस्तीने मागणी १५ ऑगस्टच्या सभेतच ठरावात घ्यायची आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी दोघांकडे कागदांची फाईल सोपवून जायचं.

टप्पा ३: वस्तीची बैठक, आणि एका सभेला एकच मागणी

सर्वात जास्त घोळ इथे होतो. बैठकीत बारा मागण्या निघतात: रस्ता, गटार, दिवे, नळ, समाजमंदिर, स्मशानभूमी, घरकुल. बाराच्या बारा एका अर्जात लिहिल्या जातात. ग्रामपंचायत त्या अर्जावर ‘विचार करण्यात येईल’ एवढी एकच ओळ लिहिते, आणि ती ओळ कायदेशीरही असते.

मागण्या सगळ्या वहीत लिहा, पण पहिल्या सभेला एकच न्या. कोणती, हे बायकांना आधी बोलू देऊन ठरवा. पाणी, शौचालय, अंधारातली वाट हे रोजचं कोणाच्या अंगावर पडतं ते त्यांना माहीत असतं. पुरुष आधी बोलले की समाजमंदिर पहिलं येतं, असा माझा अनुभव आहे.

मग ती मागणी मोजा. ‘आमच्या वस्तीला पाण्याची सोय करावी’ ही मागणी नव्हे, विनंती झाली. तिला अंदाजपत्रक करता येत नाही. त्यापेक्षा असं: ‘शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीपासून आमच्या समाजमंदिरापर्यंत सुमारे ४२० मीटर जलवाहिनी आणि ३४ घरांना नळजोडणी.’ अंतर मोजायला इंजिनिअर लागत नाही. लांब दोरी घ्या, दर दहा मीटरवर गाठ मारा, दोघं चाला, तिसऱ्याने गाठी मोजाव्यात. घरांची यादी करा: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, सध्या पाणी कुठून आणतात, किती वेळ लागतो. मोबाइलवर वाटेचे चार फोटो काढा.

दिव्यांची मागणी असेल तर खांब किती, त्यातले चालू किती. स्मशानभूमीची असेल तर जागेचा गट क्रमांक कोणता, वाट कोणाच्या शेतातून जाते. ज्या मागणीत आकडा आहे ती टाळायला अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं.

*सावध:* वस्तीचं नाव अर्जात जपून लिहा. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा शासन निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या, नोंदवहीत अनेक ठिकाणी जुनंच नाव आहे. अर्जात नवं नाव लिहा आणि नोंदवहीतलं नावही एकदा द्या, म्हणजे ‘अशी वस्ती दप्तरी आढळत नाही’ हा शेरा येत नाही.

टप्पा ४: पैसा कोणत्या खात्यातून येणार, ते आधी शोधा

‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याला आपल्याकडेही उत्तर तयार हवं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीसाठी समाजकल्याण विभागाची वस्ती विकासाची योजना आहे; लोक तिला अजून दलित वस्ती सुधार म्हणतात. तिचा पैसा जिल्हा परिषदेमार्फत येतो आणि काम पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात असावं लागतं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा, की आमची वस्ती बृहत आराखड्यात आहे का आणि लोकसंख्या किती दाखवली आहे? अनुदान लोकसंख्येवर ठरतं. वस्तीची माणसं कमी दाखवली गेली की पैसाही कमी.

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजना आहे. आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रम आहे, त्यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय गाठायचं. वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि अबंधित (मोकळा) असे दोन भाग असतात. १५व्या वित्त आयोगात बंधित वाटा ६० टक्के होता आणि तो पाणी व स्वच्छतेसाठीच होता, म्हणून नळ आणि गटाराची मागणी त्यात बसवणं सोपं जात होतं.

आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा लहान असतो, पण त्यासाठी मुंबईची मंजुरी लागत नाही. गेल्या तीन वर्षांत तो कशावर गेला याचा हिशेब मागा. सतरंज्या आणि भांड्यांवर गेला असेल तर पुढच्या वर्षी दिव्यांवर घालायला सांगता येतं.

*तपासून घ्या:* अर्जात योजनेचं नाव लिहिता येतंय का? नसेल तर पंचायत समितीच्या समाजकल्याण कक्षात एक चक्कर मारा, मगच पुढे चला.

टप्पा ५: अर्ज, दोन प्रती, पोच

अर्ज एका पानाचा. ‘प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी’ असा लिहा. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं आता एकत्र झाली आहेत. गावात मात्र भाऊसाहेबच म्हणतात. विषयात स्पष्ट लिहा: ‘दि. … च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पुढील विषय समाविष्ट करणेबाबत.’

‘समाविष्ट करणेबाबत’ हे शब्द नसतील तर अर्ज नुसता तक्रार अर्ज ठरतो आणि विषय ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या मुद्द्याखाली ढकलला जातो. त्या मुद्द्यापर्यंत लोक घरी गेलेले असतात.

अर्जाला घरांची यादी, फोटो आणि सह्या जोडा. अंगठा असेल तर शेजारी पूर्ण नाव लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. ‘ठेवा, मी घेतो’ एवढ्यावर परत येऊ नका. पोच द्यायला कोणी नाकारलं तर तिथेच भांडत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, म्हणजे बीडीओंना द्या. पोस्टाची पावती हीच पोच.

नोटीस लागली की फलकासमोर उभं राहून विषय वाचा आणि फोटो काढा. विषय आला नसेल तर त्याच दिवशी बीडीओंकडे लेखी कळवा.

टप्पा ६: सभेआधीच्या सभा

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. आराखड्याच्या प्रक्रियेत वंचित घटकांचीही स्वतंत्र सभा आहे. बऱ्याच गावांत या सभा रजिस्टरमध्येच भरतात. वस्तीतल्या वीस बायका खरोखर तिथे जाऊन बसल्या आणि तोच विषय, त्याच शब्दांत शिफारस म्हणून लिहून घेतला, तर मुख्य सभेत तो वस्तीचा एकट्याचा विषय राहत नाही. महिला सभेच्या शिफारशी ग्रामसभेपुढे याव्या लागतात.

वॉर्डातली सदस्य वस्तीतलीच असेल तर तिला आधी सगळे कागद वाचून दाखवा. राखीव जागेवरच्या ताईला बाजूला बसवून तिच्या नावाने दुसराच कोणी बोलतो, हे चालू द्यायचं नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत सदस्याला किंवा सरपंचाला धाक घालून कामात अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

*सावध, आणि हे सभेच्या आधीच ठरवा:* मागणी केली म्हणून मजुरी बंद करणं, किराणा नाकारणं, पाणवठ्यावर अडवणं असं घडू शकतं. पहिल्याच दिवसापासून तारीख, वेळ आणि साक्षीदार वहीत लिहा. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे; शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात लेखीच द्या. एकट्या माणसाला अर्जावर पुढे करू नका. पहिली सही नेहमी चार-पाच जणांनी गोलाकार करावी, म्हणजे पुढारी कोण हे कळत नाही.

टप्पा ७: सभेचा दिवस

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, असते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आता टप्पा १ मधला आकडा काढा. वस्तीत ऐंशी मतदार असतील आणि साठ आले, तर निम्म्याहून जास्त गणपूर्ती तुमचीच आहे. तुम्ही आलात म्हणून सभा होते, हे सरपंचांनाही कळतं. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि नेमकी ती सभा दहा माणसांत उरकली जाते. म्हणून ‘सभा रद्द झाली’ ऐकून घरी जाऊ नका. तहकूब सभेची तारीख आणि वेळ तिथेच विचारून लिहून घ्या. मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय त्या सभेत घेत नाहीत, म्हणूनही टप्पा ५ महत्त्वाचा.

हजेरी रजिस्टर. सभा सुरू होताना त्यावर सह्या घेतात, आणि अनेक ठिकाणी इतिवृत्त चार दिवसांनी लिहिलं जातं. त्यामुळे सही करताना अनुक्रमांक पाहा, नाव पूर्ण लिहा. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. आपल्या वस्तीची शेवटची सही झाली की त्या पानाचा फोटो घ्या.

बसताना पुढे बसा, बायका आणि पुरुष दोघंही. दाराजवळ, पायरीवर बसायची सवय मोडायलाच हवी. पायरीवरून बोललेलं लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही, आणि तिथे बसवणं हा आपला अपमान आहे हेही आपण विसरता कामा नये.

बोलायला दोघं ठरवा: एक सूचक म्हणजे ठराव मांडणारा, एक अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या आणि वाचून दाखवा. नमुना असा:

> मौजे … येथील … वस्तीतील ३४ कुटुंबांना पिण्याच्या पाण्याची नळजोडणी नाही. शाळेजवळील जलकुंभापासून समाजमंदिरापर्यंत अंदाजे ४२० मीटर जलवाहिनी टाकून ३४ नळजोडण्या देण्याचे काम सन … च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे. त्यासाठी … योजनेतून निधी मिळण्याचा प्रस्ताव १५ दिवसांत पंचायत समितीकडे पाठवावा. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर.

वाचून झालं की एकच वाक्य म्हणा: ‘हा ठराव मताला टाका आणि क्रमांक सांगा.’ ‘बघू’, ‘आपलंच काम आहे’, ‘आमदारांच्या कानावर घालतो’ याला उत्तर म्हणूनही तेच वाक्य. ठराव फेटाळला तर तसं कारणासह इतिवृत्तात लिहायला सांगा. फेटाळलेला ठरावही वरच्या कार्यालयात कामाला येतो. न मांडलेला येत नाही.

दोन मोबाइलवर चित्रीकरण ठेवा, लपूनछपून नव्हे, सभेला सांगून. कोणी जातीवरून बोललं तर तिथे हातघाईवर येऊ नका. चित्रीकरण जपा आणि पोलीस ठाण्यात जा.

टप्पा ८: इतिवृत्ताची प्रत

सभेनंतर आठवड्याच्या आत ठरावाची प्रत लेखी मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ; कार्डाची प्रत जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘माझा ठराव का लिहिला नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. मागणी अशी करा: ‘दि. … च्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, हजेरीपत्रकाची आणि विषयपत्रिकेची प्रमाणित प्रत.’ ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

प्रत आली की शब्द जुळवा. ‘३४ नळजोडण्या’चं ‘वस्तीत पाण्याची सोय’ झालंय का? ‘मंजूर’ऐवजी ‘चर्चा झाली’ लिहिलंय का? बदल असेल तर पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय असतो मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथेच उठून हरकत घ्यायची आणि ती लिहून घ्यायची. एकदा कायम झालेलं इतिवृत्त हलवणं फार अवघड.

टप्पा ९: गावाबाहेरचा पाठपुरावा

ठरावाची प्रत घेऊन बीडीओंकडे जा आणि प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने पुढे गेला ते विचारा. आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढतो. तिथे आपलं काम दिसतंय का ते पाहा. नंतर क्रम असा चालतो: स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. स्थळपाहणीला शाखा अभियंता येतील तेव्हा वस्तीतला माणूस जागेवर हवा. नसला की जलवाहिनी वस्तीच्या तोंडाशी, शेवटच्या बड्या घरापाशी थांबते.

अडलं तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अर्ज, आणि लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस. तहसीलचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी असतो. अर्ज १५ दिवस आधी द्यायचा असतो, हे विसरून लोक थेट सोमवारी जातात आणि परत येतात. ग्रामसभाच होत नसेल तर पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी सरपंचांना सभा बोलवायला फर्मावू शकतात. मागणी त्यांच्याकडे करा.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांच्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या १३ जिल्ह्यांतल्या अनुसूचित गावांना आणखी एक वाट आहे. तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते आणि २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. चार पाडे एकाच मोठ्या गावाच्या सभेत दबून राहत असतील तर वर्षभर ठराव मांडत बसण्यापेक्षा हे काम आधी हाती घ्या.

काम सुरू झालं की कार्यारंभ आदेशाची प्रत फाईलला लावा आणि दोरी पुन्हा काढून लांबी मोजा. कमी भरली, किंवा जोडण्या ३४ च्या ऐवजी २० च झाल्या, तर अंतिम देयक निघण्याआधी बीडीओ आणि उपअभियंत्यांना लेखी हरकत द्या, घरांची यादी जोडून. देयक निघाल्यावर तेच पत्र चौकशीच्या फायलीत वर्षभर पडून राहतं.